शक क्षत्रप: गवताळ मैदानांतून दख्खनच्या घाटमाथ्यापर्यंत

शक हे मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतले, घोड्यांचे आणि मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडणारे लोक. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत त्यांच्यातल्या एका घराण्याने भडोच बंदरापासून नाशिक, जुन्नर आणि कार्ल्यापर्यंतचा मुलूख ताब्यात घेतला. दुसऱ्या घराण्याने माळवा, काठेवाड आणि कच्छ तीन शतकांच्या आसपास राखले. पहिले घराणे क्षहरातांचे, दुसरे कार्दमकांचे. क्षत्रप आणि महाक्षत्रप या त्यांच्या पदव्या इराणी राज्यव्यवस्थेतून आलेल्या, म्हणून इतिहासात दोघांनाही पश्चिमी क्षत्रप म्हणतात. महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा एकाच कारणाने होतो: सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांचा पराभव केला. हा पराभव खरा आहे आणि मोठाही आहे. पण ज्यांचा पराभव झाला ते कोण होते, इथवर कसे पोचले, इथे काय करत होते, हे समजल्याशिवाय त्या विजयाचे वजनही कळत नाही.

हंगेरीपासून मंगोलियापर्यंत पसरलेला गवताळ पट्टा हा आशिया आणि युरोपच्या इतिहासातला सर्वांत मोठा रस्ता होता. तिथे शेतीपुरता पाऊस पडत नाही, गवत मात्र अमाप. त्यामुळे संपत्ती चालती राहिली आणि माणसेही तिच्यामागे चालत राहिली. घोड्यावर बसून धनुष्य चालवण्याचे कसब तिथल्या पोराला लहानपणीच येई, आणि शेतकरी राज्यांना ते पगारी फौजेकडून विकत घ्यावे लागे. तरीही केवळ गवतावर आणि कळपांवर मोठी सत्ता उभी राहत नाही. टोळ्यांचे राज्य होते ते मैदानाच्या कडेला. तिथे व्यापाराचा रस्ता अडवता येतो, जकात घेता येते, शेजारच्या साम्राज्याकडून खंडणी किंवा मैत्रीचे मोल वसूल करता येते.

या प्रकारच्या सत्तेचा सर्वांत नीट नोंदलेला नमुना शकांच्या कितीतरी नंतरचा, मध्ययुगातला आहे: खजरांचा. पश्चिमी तुर्कांचे राज्य मोडल्यावर सातव्या शतकाच्या मध्यात काळा समुद्र आणि कास्पियन यांच्या दरम्यान खजर वर आले. व्होल्गेच्या मुखाजवळ इतिल हे त्यांचे राजधानीचे ठाणे. उत्तरेकडून नदीने येणारी कातडी, मेण, मध आणि गुलाम त्यांच्या दारातून जात आणि त्या मालाचा दहावा हिस्सा खजरांच्या पदरात पडे. अरबांशी त्यांची प्रदीर्घ युद्धे झाली. ७३७ मध्ये मरवान या उमय्यद सेनापतीने त्यांच्या मुलखात खोलवर मुसंडी मारली, तरी राज्य टिकले. बायझंटाइन सम्राटांना त्यांची मैत्री इतकी मोलाची वाटे की ७३२ मध्ये एका खजर राजकन्येचे लग्न पुढे सम्राट झालेल्या पाचव्या कॉन्स्टंटाइनशी लावले गेले. तिचा मुलगा चौथा लिओ हा ‘खजर’ याच उपनावाने ओळखला जातो. डॉन नदीवरचा सार्केलचा किल्ला ८४० च्या सुमारास बायझंटाइन कारागिरांच्या मदतीने बांधला गेला. राजघराण्याने आणि सरदारांनी यहुदी धर्म स्वीकारला. ख्रिस्ती कॉन्स्टंटिनोपल आणि मुस्लिम बगदाद या दोघांच्या मध्ये राहून कोणाचेच मांडलिक न होण्याचा तो मार्ग होता, असे बरेच इतिहासकार मानतात आणि ते पटण्यासारखे आहे. ९६५ च्या सुमारास कीव्हच्या स्व्यातोस्लावने सार्केल घेतले आणि त्यानंतर खजर सत्ता उठली नाही.

खजरांचे राज्य गवताच्या काठावर उभे राहिले आणि तिथेच संपले. शकांचे तसे झाले नाही. ते गवत सोडून निघाले, डोंगर आणि वाळवंटे ओलांडत हजारो मैल दक्षिणेला आले आणि नारळाच्या बागा, काळी जमीन आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या देशात राज्यकर्ते झाले. मैदानी सत्तेची मूळ खूण मात्र दोघांत सारखीच दिसते: व्यापाराच्या नाक्यावर ठाण मांडायचे आणि शेजाऱ्याच्या रीतीभाती पटकन आत्मसात करायच्या.

शकांची सर्वांत जुनी लिखित नोंद इराणी आहे. सम्राट दार्युशने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस बेहिस्तूनच्या कड्यावर कोरवून घेतलेल्या शिल्पात, दोरखंडाने बांधलेल्या बंडखोरांच्या रांगेत शेवटी उंच टोकदार टोपी घातलेला स्कुंख हा शक सरदार उभा आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की पर्शियन लोक सगळ्याच सिथियनांना शक म्हणत. त्यांचे भौतिक जीवन कसे होते हे कळते ते थडग्यांवरून. अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या गोठलेल्या कबरींत लाकूड, नमदे, कापड, कातडे, गोंदलेली त्वचा आणि धन्याबरोबर पुरलेले घोडे दोन हजारांहून अधिक वर्षे जसेच्या तसे राहिले. कझाकस्तानात इस्सिक इथे १९६९ मध्ये उघडलेल्या एका थडग्यातला तरुण तर सोन्याच्या हजारो पत्र्यांनी मढवलेला होता आणि त्याच्याही डोक्यावर तीच उंच टोकदार टोपी होती.

या लोकांना दक्षिणेकडे ढकलले ते चीनच्या सीमेवरच्या घडामोडींनी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शिओंग्नू या टोळ्यांनी युएची लोकांना पश्चिमेकडे हाकलले. युएचींनी इली नदीच्या खोऱ्यातल्या शकांना उठवले. शक बॅक्ट्रियात उतरले आणि तिथली ग्रीक राज्ये मोडली. पुढे ते पार्थियन साम्राज्यावर आदळले. इसवी सनापूर्वी १२८ च्या सुमारास पार्थियन राजा दुसरा फ्रातेस त्या धामधुमीत मारला गेला. नंतरच्या राजांनी त्यांना रोखले, तेव्हा ते आजच्या इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवर स्थिरावले. त्या प्रदेशाला शकस्थान हे नाव पडले. आजचे सिस्तान ते हेच. तिथून सिंध, पंजाब, मथुरा आणि सौराष्ट्र असे शकांचे फाटे फुटत गेले. तक्षशिलेच्या ताम्रपटात मोग या शक राजाच्या काळातला लिअक कुसुलक हा क्षत्रप स्वतःला क्षहरात म्हणवतो. नाशिकच्या नहपानाचे कुलनावही हेच. पंजाब आणि महाराष्ट्र यांना जोडणारा इतका स्पष्ट धागा त्या काळात दुसरा सापडत नाही.

क्षहरातांपैकी पश्चिम भारतात पहिला दिसतो तो भूमक. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर बाण, वज्र आणि सिंहशीर्ष आहे, लेख खरोष्ठी आणि ब्राह्मी अशा दोन लिप्यांत. त्याच्यानंतरच्या नहपानाची चांदीची नाणी अधिक बोलकी आहेत. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठीत त्याचे नाव. ज्या राजाच्या एवढ्याशा नाण्यावर तीन लिप्या लागतात, त्याच्या बाजारात किती प्रकारची माणसे येत असतील याची कल्पना येते.

तो बाजार भडोचचा. पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात भडोच हे मंबानस राजाच्या देशातले बंदर म्हणून येते, आणि हा मंबानस म्हणजे नहपान असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी परक्या जहाजांना बुडवू शके, म्हणून राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या नावा घेऊन समोर जात आणि जहाजे वाट दाखवत आत आणत. पैठणहून वीस दिवसांच्या वाटेने अकीक येई. तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवरच्या तगर म्हणजे तेरहून कापड येई. बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांनी हा माल येतो, असेही लेखक सांगतो. राजासाठी चांदीची भांडी, उंची मद्य, महागडी वस्त्रे आणि गाणारी मुले आणावीत, असा सल्लाही त्याने व्यापाऱ्यांना दिला आहे. मात्र मराठी वाचकाने थांबावे ते कल्याणच्या उल्लेखापाशी. कल्याण पूर्वी कायदेशीर बाजारपेठ होती. आता तिथे चुकून ग्रीक जहाज गेले तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाते, असे पेरिप्लस सांगतो. दोन बंदरांमधली ही उघड नाकेबंदी होय. सातवाहनांचा माल सह्याद्रीचे घाट उतरून कल्याण-सोपाऱ्याला जाई. ते दार बंद झाले की दख्खनच्या व्यापाराची जकात भडोचच्या तिजोरीत जाणार होती. पुढचे युद्ध कशासाठी झाले, हे एवढ्या एका नोंदीवरून समजते.

नहपानाच्या महाराष्ट्रातल्या राज्याची खरी कागदपत्रे म्हणजे लेण्यांतले लेख, आणि त्यांत सर्वांत भरीव त्याच्या जावयाचे आहेत. दीनिकाचा मुलगा उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, हा नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिचा नवरा. नाशिकच्या पांडवलेण्यांतले दहावे लेणे त्याने खोदवले. तिथल्या खोल्या दिल्याची दक्षमित्रेची नोंदही तिच्या स्वतःच्या नावाने आहे. बापाच्या नावात इराणी वळण, स्वतःचे नाव वृषभावरून, बायकोचे नाव थेट संस्कृत. दोन पिढ्यांत घर किती बदलले हे यावरून दिसते. एका तुटक लेखात त्याला शक म्हटले आहे, त्यामुळे त्याच्या वंशाबद्दल शंका राहत नाही.

उषवदाताच्या दानांची यादी वाचताना पश्चिम भारताचा नकाशाच उलगडत जातो. तीन लाख गाई दिल्या, बार्णासा नदीवर सुवर्णदान केले आणि घाट बांधला, देव आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली, प्रभास क्षेत्री ब्राह्मणांची लग्ने लावून दिली. भडोच, दशपूर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर उतारूंसाठी फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर विश्रांतीच्या जागा व पाणपोया उभारल्या. नानंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडे परिव्राजकांना दिली. या नद्या आणि ही ठाणी म्हणजे भडोचपासून कोकण किनाऱ्याने सोपाऱ्यापर्यंत आणि घाट चढून नाशिकपर्यंत जाणारा व्यापारी रस्ता आहे. ज्याच्या राज्याचे उत्पन्न रस्त्यावर अवलंबून आहे त्याने दानही रस्त्यावरच केले. त्यात श्रद्धा नव्हती असे म्हणण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदत होत्या. याच लेखात एका मोहिमेची हकीकत आहे. मालय लोकांनी उत्तमभद्र लोकांच्या प्रमुखाला कोंडले होते. आपल्या स्वामीच्या आज्ञेने उषवदात भर पावसाळ्यात त्याला सोडवायला निघाला आणि त्याची चाहूल लागताच मालय पळाले. तिथून तो पुष्करला गेला, स्नान केले, तीन हजार गाई आणि एक गाव दान दिले. लेखाची भाषा संस्कृत आणि प्राकृत यांच्या मधली आहे, जणू राज्यच नव्या भाषेत बोलायला शिकते आहे.

यांतला ४२ व्या वर्षाचा लेख जरा जवळून पाहण्यासारखा आहे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षुसंघासाठी उषवदाताने तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ही रक्कम त्याने खजिन्यात ठेवली नाही, गोवर्धनच्या दोन विणकर श्रेणींकडे दिली. एका श्रेणीकडे दोन हजार, महिना शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेतून वीस भिक्षूंना दरसाल प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब करून पाहावा: दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बाराप्रमाणे बरोबर दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडचा तिकडे होत नाही. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज घ्यायचे, अशी अट घालून हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला. म्हणजे गोवर्धनच्या कापड विणणाऱ्यांच्या संघटना इतक्या भक्कम होत्या की राजाचा जावई त्यांच्याकडे पैसे ठेवत होता आणि पिढ्यान्‌पिढ्या व्याज मिळत राहील असा भरवसा बाळगत होता. ही व्यवस्था शकांनी आणलेली नव्हती, ती इथलीच होती. त्यांनी ती मोडली नाही, तिच्यावर विसंबले. परक्या राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचे याहून चांगले मोजमाप सापडणे कठीण.

कार्ल्याच्या लेखात उषवदाताने तिथल्या वळूरकाच्या लेण्यांतल्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याची नोंद आहे. जुन्नरला मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याचे टाके आणि मंडप दिला, वर्ष ४६. त्या लेखात नहपान महाक्षत्रप झालेला आहे. ४१ ते ४६ एवढीच वर्षे नहपानाच्या काळासाठी हाती आहेत. ती शक संवताची मानली तर इसवी सन ११९ ते १२४ येतात. दुसऱ्या गणनेची किंवा राज्यवर्षे मानली तर नहपान पहिल्या शतकात जातो आणि पेरिप्लसशी त्याचा मेळ अधिक नीट बसतो. या वादात विद्वानांनी शंभर वर्षे घालवली आहेत. महाराष्ट्राच्या इतिहासासाठी मात्र सनापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो नाण्यांनी निर्विवाद ठरवला आहे.

१९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,२५० हून अधिक, सगळी नहपानाच्या नावाची. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती सातकर्णीचे नाव. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. ठसा मारताना नाणे वितळवले नाही, तसेच ऐरणीवर ठेवून घण घातला. त्यामुळे कित्येक नाण्यांवर डोंगराच्या कमानीखालून नहपानाचे नाक आणि कपाळ डोकावते, ग्रीक अक्षरांची शेपटे नव्या ब्राह्मी अक्षरांत मिसळलेली दिसतात. जिंकणाऱ्याने हरलेल्याची चांदी तशीच चलनात ठेवली आणि तिच्यावर आपला हक्क कोरला. उरलेली नाणी बिनठशाची राहिली, म्हणजे साठा पुरला गेला तेव्हा दोन्ही प्रकारची नाणी एकत्र फिरत होती. नहपानाच्या मागोमाग सातकर्णी आला, मध्ये दुसरा कोणी नव्हता, हे या एका साठ्याने सिद्ध केले.

लेखांचा पुरावाही तेच सांगतो. आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने वेजयंतीच्या लष्करी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली: पश्चिम काखडी गावातले, आजवर उषवदात उपभोगत असलेले दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मीच्या, म्हणजे पांडवलेण्यांच्या डोंगरावरच्या, भिक्षूंना द्यावे. शेताचा जुना धनी नावानिशी नोंदलेला आहे, म्हणजे त्याची सत्ता नुकतीच गेली असली पाहिजे. सहा वर्षांनंतरचा, २४ व्या वर्षाचा लेख मनाला अधिक चटका लावतो. काखडीतले ते शेत कोणी कसत नाही, गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या सरकारी जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत, असा हुकूम गौतमीपुत्र आणि राजमाता काढतात. गाव का उठले ते लेख सांगत नाही. दोन राज्यांच्या ओढाताणीत सापडलेल्या मुलखाचे हे चित्र प्रशस्तीत कधीच दिसत नाही. ते दिसते महसुलाच्या अशा कोरड्या नोंदीत.

प्रशस्ती आहे ती गौतमी बलश्रीची, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात कोरलेली. मेलेल्या मुलाचे गुण आठवणाऱ्या आईचा हा लेख आहे आणि त्यातला अभिमान आजही वाचणाऱ्याला भिडतो. शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा, खखरात म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा असा गौतमीपुत्र त्यात उभा आहे. त्याच्या मुलखांची यादीही दिली आहे: ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर-अवंती.

या यादीतला विदर्भ बुलढाण्याच्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावा. बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातले वडनेर भोलजी ज्या पूर्णा खोऱ्यात आहे, ते खोरे विदर्भाचे पश्चिमेकडचे दार. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सरळ समुद्राकडे जाते, म्हणून मुंबई-नागपूर राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे दोन्ही आज याच सपाटीने जातात. अजिंठ्याचा डोंगर दक्षिणेला, सातपुडा उत्तरेला, मध्ये काळ्या जमिनीचा पट्टा. ही वाट माणसाने शोधण्याआधी नद्यांनी आखून ठेवली होती. डोंगराच्या पलीकडे, जालना जिल्ह्यात, भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन ही सातवाहनकाळची भरभराटीची नगरी होती. तिथल्या दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली सापडतात. शकांची सत्ता घाटमाथ्यावर नाशिक-जुन्नरपाशी ठळक दिसते, वऱ्हाडात तसे त्यांचे लेख मिळत नाहीत. इथे दिसतात ते सातवाहन. १९३९ मध्ये मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा इथे सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला आणि त्याचा अभ्यास नागपूरच्या वा. वि. मिराशींनी केला. पूर्व विदर्भात मात्र एक अनपेक्षित खूण आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी इथे एका दगडी खांबावर महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ असल्याचा लेख आहे. तो कोण, कुठल्या शाखेचा, हे नाण्यांवरून जुळवता येत नाही. एवढे खरे की वैनगंगेच्या काठी एका महाक्षत्रप घराण्यातल्या माणसाची आठवण दगडावर कोरून ठेवली गेली.

क्षहरात संपले, शक संपले नाहीत. लवकरच चष्टनाच्या कार्दमक घराण्याने उज्जैन धरले. भूगोलकार टॉलेमी दुसऱ्या शतकाच्या मध्यात उज्जैनचा राजा तिआस्तनेस आणि पैठणचा राजा सिरि-टॉलेमाइऑस असे लिहितो. हे चष्टन आणि पुळुमावी. दोन शेजारी एका परदेशी ग्रंथात शेजारी-शेजारी आले आहेत. चष्टनाचा नातू रुद्रदामन याचा जुनागढचा लेख शक ७२ म्हणजे इसवी सन १५० च्या घटनेचा आहे आणि संस्कृत गद्यात लिहिलेला तो पहिला मोठा राजकीय लेख मानला जातो. वादळात सुदर्शन तलावाचा बांध फुटला. खर्च फार म्हणून मंत्र्यांनी नकार दिला. तेव्हा सुविशाख या पल्हव अधिकाऱ्याने, प्रजेवर कर किंवा वेठबिगार न लादता, तो दुरुस्त केला. संस्कृतला राजभाषेचा मान देण्यात एक शक राजा आणि त्याचा इराणी सुभेदार पुढे होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

रुद्रदामनाने दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकले, पण जवळचे नाते असल्याने नष्ट केले नाही, असे हा लेख सांगतो. नाते कोणते ते कान्हेरीच्या लेखात मिळते: वाशिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी होती. खजर राजकन्या कॉन्स्टंटिनोपलला गेली, तशीच ही उज्जैनची मुलगी दख्खनला आली. मैदानी सत्तांना तलवारीइतकीच सोयरीक उपयोगी पडे. रुद्रदामनाच्या मुलखांच्या यादीत अपरांत, अनूप, कुकुर, सुराष्ट्र, आकर-अवंती परत आले आहेत. अश्मक, मूलक आणि विदर्भ मात्र त्यात नाहीत. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की दिसते, कोकण आणि माळवा हातचे गेले तरी पैठण आणि वऱ्हाड सातवाहनांनी सोडले नाही.

कार्दमकांच्या राज्यपद्धतीत मैदानाची एक जुनी रीत टिकून होती. राजा महाक्षत्रप, वारस क्षत्रप. दोघेही आपापल्या नावाने नाणी पाडत. मृत्यूनंतर गादी मुलाकडे जाण्याऐवजी बहुधा भावाकडे जाई आणि भाऊ संपले की थोरल्याच्या मुलांकडे. खजरांतही दोन राजे असत, पूजनीय खागान आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारा बेक; दहाव्या शतकातल्या अरब लेखकांना त्याचे मोठे नवल वाटले. दोन्ही रीती एक नव्हेत, पण सत्ता एकाच माणसाच्या आणि त्याच्या पोराच्या हाती न ठेवता घराण्यात वाटण्याची सवय दोन्हीकडे आहे. कार्दमकांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव, बापाचे नाव, पदवी आणि दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून वर्षही असते. प्राचीन भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही घराण्याची वंशावळ इतकी तंतोतंत लावता येत नाही. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात ही नाणी गोळा करून वाचली, रॅप्सनने १९०८ मध्ये त्यांची सूची छापली, आणि मिराशींनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचे लेख एकत्र करून मराठीत ग्रंथ दिला. मराठी वाचकाला या विषयात शिरायचे तर आजही दार तेच आहे.

सातवाहनांनंतर नाशिकला आभीर आले. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा एक लेख तिथे आहे. शक अग्निवर्म्याची मुलगी, विष्णुदत्ता नावाची उपासिका, आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी श्रेणींकडे ठेव ठेवते. राज्य आभीरांचे, नाव हिंदू, दान बौद्ध संघाला, आणि ओळख शकाची. राजघराणे गेल्यावरही शक कुटुंबे इथे राहिली, पैसा राखून होती, आणि उषवदाताच्याच पद्धतीने ठेवी ठेवत होती. खखरात निःशेष झाले असे बलश्रीने म्हटले होते; माणसे निःशेष झाली नव्हती.

माळवा आणि सौराष्ट्रातली क्षत्रप सत्ता चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. शेवटच्या राजांपैकी तिसऱ्या रुद्रसिंहाची नाणी मिळतात, त्यानंतर गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने हा प्रदेश जिंकला. विदिशेजवळच्या उदयगिरीचा त्याच्या काळातला लेख इसवी सन ४०१-०२ चा आहे. जिंकल्यावर त्याने तिथे पाडलेली चांदीची नाणी क्षत्रपांच्याच घाटाची, तेवढ्याच वजनाची होती. एका बाजूला राजाचा चेहरा तसाच, फक्त दुसऱ्या बाजूला गरुड आला. बाजाराला जे नाणे सवयीचे होते ते बदलण्याचे धाडस गुप्तांनीही केले नाही.

क्षत्रपांनी वापरलेली इसवी सन ७८ पासूनची कालगणना चष्टनाच्या राज्यारोहणापासून सुरू झाली, असे आता बरेच अभ्यासक मानतात. काही ती कनिष्काची समजतात. दख्खनमध्ये पुढे तिच्याशी शालिवाहनाचे नाव जोडले गेले आणि गुढीपाडव्याला सुरू होणारे वर्ष मराठी पंचांगात शके म्हणून लिहिले जाऊ लागले. देवगिरीच्या यादवांच्या शिलालेखांत हेच शक वर्ष आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला. स्वतंत्र भारताने २२ मार्च १९५७ रोजी, चैत्र १, १८७९ या तारखेपासून, हीच गणना राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून स्वीकारली.